एक कोळसा, बारा फंक्शनं

भुसावळहून वरणगावच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागतात. पाहुण्यांच्या पोरांना त्या मोजायला बसवायचं, अशी आमच्या कॉलनीत जुनी पद्धत आहे. तेवढाच घरात पाच मिनिटं आराम. पोरं मोजून येतात आणि दर पोराचा आकडा वेगळा निघतो. एकाने धूर निघत होता तेवढ्याच धरलेल्या असतात, दुसऱ्याने बंद पडलेलीही धरलेली असते, तिसऱ्याने पाण्याची टाकी चिमणीत जमा केलेली असते. भांडण लागतं. मग कोणीतरी मोठं माणूस मध्ये पडून चौथाच आकडा सांगतं आणि विषय मिटतो. सरकारी आकडेवारी याहून फार वेगळ्या रीतीने तयार होत असेल, असं मला वाटत नाही.

दीपनगर हे आकड्यांवर जगणारं गाव. भुसावळात माणूस बोलताना गाडीचा नंबर सांगतो, रावेर-यावलकडे केळीचा भाव सांगतो, आमच्याकडे लोड सांगतो. इथला पहिला संच १९६८ सालचा, साठ-बासष्ट मेगावॅटचा. पुढे २१०चे आले, मग ५००चे दोन आले आणि आता ६६०चाही आला. कॉलनीतल्या बायका लग्नाळू मुलांबद्दल बोलतानासुद्धा "मुलगा पाचशेवर आहे" असं म्हणतात, आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना तो पगार वाटतो. त्यावरून एक-दोन स्थळं परत गेल्याचं मला माहीत आहे.

अशा गावात माझा भाचा राहायला आला. पुण्यात संगणकाचं शिकलेला, नोकरी घरून करणारा. दुपारभर खोलीचं दार लावून कूलरसमोर बसतो आणि जेवायला बाहेर आला की सांगतो, "मामा, आज एकाच डाटावर बारा फंक्शनं लावली." मी आयुष्यभर कंट्रोल रूममध्ये लॉगशीट भरली. डाटा म्हणजे काय ते मला त्याच्या जन्माआधीपासून माहीत आहे. फंक्शन म्हटलं की मात्र माझ्या डोळ्यांसमोर मंगल कार्यालय येतं. बारा म्हटल्यावर मी आधी आहेराचा हिशेब केला.

त्याचं म्हणणं साधं होतं. फंक्शन म्हणजे एक काम. त्याला काहीतरी द्यायचं, ते त्याचं काहीतरी करून परत देतं. ही कामं दोन तऱ्हांनी लावता येतात. पहिल्या तऱ्हेत एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. दुसऱ्या तऱ्हेत एकच माल सगळ्यांसमोर ठेवायचा आणि ज्याने त्याने आपापलं उत्तर काढायचं. मी म्हटलं, बाबा रे, खिडकीतून बाहेर बघ. तू जे पुण्याला पैसे भरून शिकलास ते इथे चोवीस तास चालू आहे.

पहिली तऱ्हा बघा. रेल्वेचा रेक येतो, अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणींचा. टिपलर एकेक वाघीण धरून उलटी करतो. क्रशर ढेकळं फोडतो. पट्टा तो माल वर बंकरमध्ये नेतो. तिथून तो मिलमध्ये जातो आणि इतका बारीक होतो की हाताला लागला तर बोटांच्या रेषांत जाऊन बसतो आणि घरी आल्यावर उंबऱ्यातच बायकोला कळतं. मग बॉयलर, वाफ, मिनिटाला ३००० फेरे घेणारं टर्बाइन, जनरेटर. पाचशेच्या संचात जनरेटरमधून २१ हजार व्होल्टने निघालेली वीज ट्रान्सफॉर्मर ४ लाखांवर चढवतो आणि ती तारेला लागते. वाटेत कोळशाच्या उष्णतेतला निम्म्याहून बराच जास्त भाग थंड होणाऱ्या पाण्यावाटे आणि धुरावाटे निघून जातो. याबद्दल कोणालाच काही वाटत नाही, कारण जगभर असंच चालतं. ही सगळी फंक्शनं एकामागून एक आहेत आणि क्रम बदलायची सोय नाही. आधी जाळून मग दळू म्हणणारा माणूस आमच्या खात्यात तरी भरती होत नाही. झाला तर त्याला वरच्या कार्यालयात घेतात.

संगणकवाल्यांना ही कल्पना सुचायला जरा वेळ लागला. एका कामाचं उत्तर नळाने थेट दुसऱ्यात सोडावं, असं डग मॅकिलरॉय हे गृहस्थ बेल लॅबमध्ये बरीच वर्षं सांगत होते. १९७३ साली केन टॉम्प्सन यांनी ती सोय युनिक्स या संगणकप्रणालीत घातली. तिला नाव पडलं पाइप. आमच्या पहिल्या संचाचे पाइप तेव्हा पाच वर्षांचे होऊन गळायलाही लागले असतील. पाइप नसेल तर हीच कामं एकाच्या पोटात एक अशी कंस घालून लिहावी लागतात आणि वाचताना आतून बाहेर वाचावी लागतात. म्हणजे लिहिलेलं असतं आधी ट्रान्सफॉर्मर, मग जनरेटर, मग टर्बाइन, आणि सगळ्यात शेवटी, आठ कंसांच्या आत, बिचारा कोळसा. भाच्याच्या पडद्यावर एका ओळीच्या शेवटी बंद होणारे इतके कंस मी पाहिले की मला कोणीतरी टिपलरवर वाघिणी रांगेत लावल्यासारखं वाटलं.

दुसरी तऱ्हा पाहायची तर कोळशाच्या प्रयोगशाळेत जावं. आलेल्या रेकमधून ठिकठिकाणचा कोळसा उचलतात, फोडतात, चौथाई करत करत कमी करतात आणि २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतका बारीक करून बाटलीत भरतात. हजारो टनांचा रेक आता बाटलीत मावलेला असतो. पुढचे सगळे पैशाचे व्यवहार या बाटलीवर अवलंबून, त्यामुळे ती बाटली जितक्या अदबीने उचलली जाते तितक्या अदबीने आम्ही साहेबांची बॅगसुद्धा कधी उचलली नाही. या बाटलीतला एक ग्रॅम १०८ अंशांवर तापवला की गेलेल्या वजनावरून पाणी कळतं. दुसरा एक ग्रॅम झाकणाच्या क्रुसिबलमध्ये ९०० अंशांवर बरोबर सात मिनिटं ठेवला की उडून जाणारा भाग कळतो. तिसरा ८१५ अंशांवर पुरता जाळला की राख उरते. चौथं उत्तर कोणी जाळून काढत नाही. शंभरातून हे तिन्ही वजा केले की जे राहील त्याला फिक्स्ड कार्बन म्हणतात. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो कार्बन असा बाकीत निघतो. आधीच्या तिघांनी जी काय चूक केली असेल ती सगळी त्याच्या नावावर. घरातल्या धाकट्या भावाची आठवण येऊन मला त्या कार्बनविषयी नेहमी जिव्हाळा वाटत आला आहे.

इथे एक बारकावा आहे आणि तोच भाच्याला एकदा रात्रभर जागवून गेला. प्रयोगशाळेतलं प्रत्येक फंक्शन आपला माल खातं. पाणी मोजलेल्या कोळशावर पुन्हा पाणी मोजता येत नाही, म्हणून दर चाचणीला वेगळा ग्रॅम. पोरांची समजूत अशी असते की संगणकातला डाटा काही संपत नाही, हवी तितकी फंक्शनं लावा. भाचा वापरतो त्या पायथन या संगणकाच्या भाषेत 'मॅप' म्हणून एक काम आहे. यादीतल्या प्रत्येकाला तेच एक फंक्शन लावायचं. पावसाळ्यात वर्तमानपत्रात 'हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले' अशी बातमी येते ना, तो मॅप. फंक्शन एक, दरवाजे एकेचाळीस. पण पायथनचा हा मॅप आळशी आहे. तो आधी काहीच करून ठेवत नाही. मागाल तसा एकेक आकडा काढून देतो आणि दिलेला विसरतो. भाच्याने त्या मॅपची आधी बेरीज मागितली. मिळाली. मग त्याच मॅपमधला सगळ्यात मोठा आकडा मागितला, तर उत्तर आलं की इथे काहीच नाही. पुन्हा बेरीज मागितली तर शून्य. चूक नाही, तक्रार नाही, गुळगुळीत शून्य. बेरजेनेच सगळं खाऊन टाकलं होतं.

पोराला पहाटे तीन वाजता हे उमगलं. मी म्हटलं, यात रात्र घालवण्यासारखं काय आहे? भरिताच्या पार्टीला शेतात गेलास तर पहिल्या पंगतीला कोण बसलंय ते आधी बघत नाहीस का? बामणोदची ती लांबडी हिरवी वांगी, काड्यांवर भाजलेली, कळण्याची भाकरी, आणि पहिल्या पंगतीला चार खाणारे पाहुणे असतील तर दुसऱ्या पंगतीला कांद्याची पात आणि आग्रह एवढंच उरतं. त्याला ते पटलं. आता तो मॅप आला की आधी त्याची यादी करून बाजूला काढून ठेवतो आणि मगच फंक्शनांना पानावर बोलावतो.

कोळशाच्या उष्मांकाची गंमत मात्र भरिताने समजावण्यासारखी नाही, ती पैशाची आहे. आपल्याकडे १ जानेवारी २०१२पासून कोळशाची प्रत त्याच्या एकूण उष्मांकावर ठरते. जी-१ ते जी-१७ अशा सतरा प्रती, मधले टप्पे बहुतेक ३०० किलोकॅलरीचे. आता हाच कोळसा खाणीपाशी मोजताना ६० टक्के आर्द्रता आणि ४० अंश तापमानाला समतोल साधलेला धरतात. वीजकेंद्रात बॉयलरला मात्र तो आला तसा जाळावा लागतो, वाटेतल्या पावसासकट. म्हणजे एकाच ढेकळाला दोन फंक्शनं आणि दोन आकडे, आणि त्यात नमुना कुठल्या कोपऱ्यातून उचलला तो तिसरा भाग. खाणीवर जी-११ म्हणून निघालेला कोळसा केंद्रावर जी-१३ होऊन उतरतो, हा देशभरचा जुना तंटा. त्याला इंग्रजी नावही आहे, 'ग्रेड स्लिपेज'. जणू कोळसा घाटात पाय घसरून पडला. मग तिऱ्हाइताकडून नमुना तपासायची व्यवस्था आली. तिऱ्हाइताचं फंक्शन तिसरं.

हे झालं कोळशाचं. खरी मजा लोडच्या आकड्यांची. विजेच्या हिशेबात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे असतात. म्हणजे एका संचाच्या एका दिवसाच्या ९६ ओळी. मी नोकरीला लागलो तेव्हा दर तासाला पेनने लिहायचो आणि शिफ्टच्या शेवटी बेरीज जुळेपर्यंत बस सुटायची. भाचा हे एका ओळीत करतो. त्याच्याकडे पांडाज नावाचं सामान आहे. वेस मॅकिनी या अमेरिकन माणसाने गुंतवणूक कंपनीत नोकरी करताना २००८ साली लिहायला घेतलेलं. त्यात रकान्याचं नाव सांगायचं, पुढे 'अ‍ॅग' म्हणायचं आणि हव्या त्या फंक्शनांची यादी द्यायची. सगळी उत्तरं एकाच ताटात. यादी द्यायचाही कंटाळा असेल तर 'डिस्क्राइब' म्हणायचं. एका दमात आठ आकडे: नोंदी किती, सरासरी, पसारा, सगळ्यात कमी, पाव, अर्धं, पाऊण, सगळ्यात जास्त.

आठ आकडे हाती आले की माणसं ओळखू येतात. समजा, पाचशेचा संच. दिवसभर पूर्ण चालला तर १२० लाख युनिट. पण दुपारी सौर वीज भरपूर असते, मागणी नसते, तेव्हा भार प्रेषण केंद्रातून फोन येतो की उतरा. मग उतरत उतरत २७५पर्यंत. त्याच्याखाली कोळशावरचा संच सहसा न्यायचा नाही असं ठरलेलं आहे, ५५ टक्के. संध्याकाळी दिवे लागले की पुन्हा चढवा. दिवसाअखेर समजा ८४ लाख युनिट झाले. म्हणजे पीएलएफ, क्षमतेच्या मानाने झालेली वीज, ७० टक्के. आता बातमी देणारा म्हणतो 'संचाने ५०० मेगावॅट गाठले'. त्याने 'सगळ्यात जास्त' उचललं. टीका करणारा म्हणतो 'संच निम्म्यावर'. त्याने 'सगळ्यात कमी' उचललं. आढावा बैठकीत साहेब म्हणतात ७०, आणि आवाज खाली येतो. केंद्रातले लोक म्हणतात उपलब्धता १०० टक्के, कारण संच दिवसभर तयारच होता, मागितलं नाही तर आम्ही काय करणार? चौघेही खरं बोलतात. चौघांकडे त्याच ९६ ओळी आहेत. आणि ज्याने दिवसभर खुर्चीत बसून तो संच वर-खाली केला त्याला यातला एकही आकडा नको असतो. त्याला हवा फरक: या पंधरा मिनिटांत मागच्या पंधरा मिनिटांपेक्षा किती हललो. घाम त्या फरकाला येतो. हे फंक्शन 'डिस्क्राइब'च्या आठांत नाही. मी भाच्याला ते मुद्दाम घालायला लावलं.

सरासरीवर माझा राग जुना आहे. मे महिन्यात भुसावळला दुपारी ४५ आणि पहाटे ३० असेल तर मधली सरासरी साडेसदतीस निघते. म्हणजे अंगात थोडी कणकण असावी इतकंच. या आकड्यावर विश्वास ठेवून दुपारी दोन वाजता बाजारपेठेत गेलेला माणूस संध्याकाळी सलाइनवर भेटतो. आणि सरासऱ्यांची सरासरी तर त्याहून वाईट. एक २१०चा संच ४० टक्क्यांवर, एक ६६०चा ९० टक्क्यांवर. चाळीस आणि नव्वद, मधोमध पासष्ट, असं बैठकीत कोणीही पटकन बोलून जातो. पण खरा हिशेब करा: ८४ आणि ५९४ मिळून ६७८ मेगावॅट, ८७०पैकी. अठ्ठ्याहत्तर टक्के होतात. तेरा टक्के कुठे गेले म्हणून चौकशी समिती बसू शकते. ते कुठेच गेलेले नसतात. आधी भागायचं आणि मग बेरीज करायची, की आधी बेरीज करून मग भागायचं, एवढाच प्रश्न असतो.

गोळाबेरजेचंही तेच. ०.४, ०.४ आणि ०.४. आधी पूर्णांक करून मिळवा, शून्य येतं. आधी मिळवून पूर्णांक करा, एक येतो. यावर भाच्याने मला पायथनचा आणखी एक चमत्कार दाखवला. अडीचला पूर्णांक करा म्हटलं की तो दोन म्हणतो, आणि साडेतीनला चार. अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे जायचं, म्हणजे निम्म्या वेळा वर आणि निम्म्या वेळा खाली जाऊन कोणाचंच नुकसान होत नाही. या रीतीला बँकवाल्यांची रीत म्हणतात म्हणे. आमच्या किराणा दुकानदाराला मी ही रीत उत्साहाने समजावून सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि साडेसत्तेचाळीसचे पन्नास लावले.

एवढं सगळं रीतसर चाललं होतं आणि मग मागच्या वर्षी भाच्याला एका कार्यालयाच्या जुन्या नोंदी साफ करायचं काम आलं. कार्यालयाचं नाव सांगत नाही. माझी एक फाईल तिथे अजून आहे. बारा फंक्शनांची यादी तयार, एक ओळ लिहिली, कळ दाबली, आणि पहिलंच फंक्शन जागच्या जागी बसलं. या अक्षरांचा आकडा होत नाही, अशी तक्रार. रकान्यात बघितलं तर लिहिलेलं: निरंक.

पोराला मराठी माध्यम कमी, त्यामुळे त्याला ते कर्मचाऱ्याचं नाव वाटलं. मी सांगितलं, बाबा, याचा अर्थ काही नाही. "मग शून्य घालू?" तेही नाही, म्हटलं, जपून. संच बंद होता म्हणून वीज झाली नाही तर ते शून्य. मीटर वाचायला कोणी गेलंच नाही तर ते रिकामं. दोघांनाही आपल्याकडे निरंक म्हणतात. शून्य घातलं तर सरासरी पडते, रिकामं ठेवलं तर पांडाज ती ओळ गुपचूप सोडून देतो आणि सरासरी टिकते. आणि नमपाय नावाचं त्याचंच थोरलं सामान आहे, ते एक रिकामी जागा दिसली की अख्खी सरासरीच द्यायला नकार देतं. दोघांनाही सरासरीच मागितली आणि एकाच घरात दोन स्वभाव. दुसऱ्या दिवशी 'वरीलप्रमाणे' निघालं. तिसऱ्या दिवशी नुसती दोन टिंबं. एका ओळीत, शपथेवर सांगतो, 'सोमवारी सांगतो' असं लिहिलेलं होतं. साल २०११.

त्या वैतागात त्याने एक प्रयोग केला. नोंदींतले आकडे मराठी होते, १२, ४७, ३०९ असे. हे सगळे आधी इंग्रजी आकड्यांत बदलावे लागणार म्हणून तो कपाळाला हात लावून बसला होता. सहज म्हणून त्याने पायथनला 'पूर्णांक कर' म्हणून मराठी ४२ दिला. पायथनने क्षणाचाही विचार न करता बेचाळीस घेतला, त्यात एक मिळवून त्रेचाळीस करूनही दिला. देवनागरी अंक त्याला मुळातूनच येतात. दशांश चिन्हासकट येतात. अमेरिकेत वाढलेल्या, नेदरलँड्सच्या माणसाने बनवलेल्या भाषेला जे जमतं ते पाहून माझ्या मनातला बराच राग उतरला.

तेव्हा महाराष्ट्रातल्या, आणि खास करून आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या, लॉगशीट, रजिस्टर, हजेरी आणि पाण्याच्या टँकरची वही भरणाऱ्या समस्त मंडळींना एक विनंती आहे. आकडे खुशाल मराठीत लिहा, मशीन वाचतं. 'निरंक', 'वरीलप्रमाणे' आणि 'सोमवारी सांगतो' एवढं मात्र शेऱ्याच्या रकान्यात लिहा.